शेजाऱ्याचा ग्रंथ

(अलिबाग तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

'निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ आणि आपण' असा विषय मी अभ्यासवर्गासाठी सुचवला, तेव्हा काही साथींच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे मला ठाऊक आहे. जमिनी हातच्या जात आहेत, खाड्यांची मासळी संपत चालली आहे, तरुणांना काम नाही. अशा वेळी समाजवादी कार्यकर्त्यांनी पुराणे, बायबल आणि कुराण घेऊन बसायचे काय, असा त्यांचा आक्षेप आहे. आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. परंतु ते उत्तर मी तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून देणार नाही. आपण ज्या किनाऱ्यावर बसलो आहोत, त्या किनाऱ्याच्या इतिहासातूनच देण्याचा प्रयत्न करीन.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या समाजात धर्मग्रंथ न वाचण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक तऱ्हा भाविकाची. तो ग्रंथ सोवळ्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवतो, त्याला हळदकुंकू वाहतो, पण उघडत नाही. दुसरी तऱ्हा आपल्यासारख्या पुरोगाम्यांची. आपण ग्रंथ जळमटे समजून माळ्यावर टाकतो, आणि तोही न उघडताच. परिणाम एकच: ग्रंथ मिटलेला राहतो. मिटलेल्या ग्रंथाच्या नावाने मग कोणीही काहीही सांगावे आणि लोकांनी ते खरे मानावे, अशी स्थिती निर्माण होते. जातीयवादी राजकारणाचे सारे भांडवल या मिटलेल्या ग्रंथात आहे. ज्याला शेजाऱ्याचा ग्रंथ माहीत नाही, त्याला शेजाऱ्याविषयी काहीही पटवता येते.

आता या किनाऱ्याकडे वळू. येथून हाकेच्या अंतरावर चौल आहे. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत हरवलेले हे गाव एके काळी जगातल्या नामांकित बंदरांपैकी एक होते. इ.स. ९१६ च्या सुमारास बगदादचा इतिहासकार अल्-मसूदी येथे आला. तो या बंदराला सैमूर म्हणतो. त्याने लिहून ठेवले आहे की या नगरात सुमारे १० हजार मुसलमान राहत होते. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, आणि कित्येक येथेच जन्मलेले. त्यांच्या आपापसांतील तंट्यांचा निवाडा करण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख येथील राजाने नेमला होता. ध्यानात घ्या, ही हकीकत महंमद घोरीच्या स्वारीच्या पावणेतीनशे वर्षे आधीची आहे. इस्लाम या देशात केवळ तलवारीच्या पात्यावर बसून आला, हे वाक्य ज्यांना पाठ आहे त्यांनी चौलला एकदा जाऊन यावे. येथे तो खजूर आणि घोडे यांच्या सोबतीने, वल्ह्याच्या तालावर आला.

त्यानंतर पाच-साडेपाच शतकांनी, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, रशियातील त्वेर नगरीचा एक व्यापारी याच बंदरात उतरला. त्याचे नाव अफानासी निकितिन. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. पण त्याने लिहिलेला प्रवासग्रंथ किती जणांनी वाचला आहे? 'तीन समुद्रांपलीकडील प्रवास' या नावाने तो ओळखला जातो. वाटेत लुटारूंनी या माणसाचे सामान लुबाडले, आणि त्याबरोबर त्याचे धर्मग्रंथही गेले. निकितिनने आपल्या मालाविषयी जेवढी हळहळ व्यक्त केली आहे, तेवढीच या ग्रंथांविषयी केली आहे. ग्रंथ नाहीत, म्हणून ईस्टरचा सण केव्हा येतो हे त्याला कळेना. उपवासाचे दिवस कोणते, तेही कळेना. मग तो मुसलमानांच्या रमझानात त्यांच्याबरोबर उपास करू लागला. मनात मात्र आपल्या देवाची प्रार्थना करीत राहिला. जुन्नरच्या सुभेदाराने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि 'मुसलमान हो, तर घोडा परत देतो' असा धाक घातला. त्या वेळी त्याची सुटका कोणी केली? खुरासानच्या एका मुसलमानाने. त्याने रदबदली करून घोडाही सोडवला आणि या परक्याचा धर्मही राखला.

एकाच प्रसंगात धर्माच्या नावाने जुलूम करणारा मुसलमान आहे आणि धर्माला जागून न्याय करणारा मुसलमानही आहे. जो ग्रंथ वाचतो त्याला दोघेही दिसतात. जो वाचत नाही त्याला आपल्या सोयीचा एकच दिसतो. वाचनाने माणूस मवाळ होतो असे मी म्हणत नाही. वाचनाने त्याला अर्ध्या सत्यावर समाधान मानता येत नाही, एवढेच म्हणतो.

निकितिनचे ग्रंथ गेले आणि त्याला सणवार हरवले. या किनाऱ्यावरील एका समाजाची कथा याच्या अगदी उलट आहे, आणि आजच्या व्याख्यानाचा मुख्य विषय तोच आहे. मी बेने इस्रायलांविषयी बोलतो आहे. अलिबागची इस्रायल आळी आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या परंपरेप्रमाणे, फार प्राचीन काळी नवगावच्या किनाऱ्याजवळ त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांना नवगावी मूठमाती दिली. ही घटना केव्हाची, यावर पंडितांत मतभेद आहेत. त्यांत आज शिरण्याचे कारण नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की या लोकांजवळ एकही ग्रंथ उरला नाही. हिब्रू भाषा ते विसरले. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा झाला, आणि गावागावांवरून नवगावकर, पेणकर, राजपूरकर, केहीमकर अशी त्यांची आडनावे पडली. पण शनिवारी घाणा बंद राहिला तो राहिलाच. म्हणून शेजारचे लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. ग्रंथ गेला, आठवड्याचा एक दिवस, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि 'शेमा' या प्रार्थनेचे शब्द एवढेच हाती उरले, आणि तेवढ्यावर या समाजाने शतकानुशतके आपले वेगळेपण टिकवले.

त्यांच्या सणांची जुनी नावे पाहा. 'दरफळणीचा सण' म्हणजे दारे लावून घरात राहण्याचा, उपासाचा दिवस. 'खिरीचा सण', 'होळीचा सण', 'बिरड्याचा सण'. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक पाळणारा उपास सोडायचा तो अलिबागच्या वालाच्या बिरड्याने! कोठे जेरुसलेम आणि कोठे नागाव-आक्षीच्या वाड्यांतले वाल? पण स्मृतीला टिकून राहायचे असेल तर तिला स्थानिक मातीत मूळ धरावे लागते, हे त्या समाजाने आपल्याला दाखवून दिले. मुंबईत १७९६ साली त्यांचे पहिले सिनॅगॉग उभे राहिले. लोक त्याला काय म्हणतात? 'जुनी मशीद'. पैगंबर एलियाहूच्या स्मरणार्थ पोहे, नारळ, साखर, फळे घालून ते 'मलिदा' करतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि नवस फेडायला ते तेथे येतात. शब्द फारसी, जिन्नस कोकणी, पैगंबर हिब्रू. धर्म ही काचेच्या पेटीत ठेवलेली शुद्ध वस्तू आहे असे मानणाऱ्यांना याचा अर्थ लावता येणार नाही.

आता ग्रंथाची कथा ऐका. १८१३ साली अमेरिकन मिशन मुंबईत आले आणि त्याने शाळा काढल्या. पुढे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आले. मराठीतून हिब्रू शिकता यावी म्हणून त्यांनी व्याकरणाचे पुस्तक केले. या शाळांत बेने इस्रायलांची मुले मोठ्या संख्येने शिकली; त्यांच्यापैकी कित्येक तेथे शिक्षकही झाले. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. जुना करार वाचून हे लोक नव्या कराराकडे येतील, असा त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात घडले ते निराळेच. या लोकांनी मराठी बायबल हाती घेतले, त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद यांच्या कथा वाचल्या, आणि त्यांच्या ध्यानात आले की ह्या आपल्या कथा आहेत! ख्रिस्ती होण्याऐवजी ते अधिक डोळस यहुदी झाले. ग्रंथ देणाऱ्याच्या हेतूपेक्षा घेणाऱ्याची बुद्धी मोठी ठरू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

यानंतर त्यांनी काय केले? १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची 'हगादा' हिब्रू व मराठी अशी दोन्ही भाषांत छापली गेली. १८७४ साली पुण्यास आणखी एक निघाली. मिसर देशातील गुलामगिरीतून एका जमातीची सुटका कशी झाली, ही त्या ग्रंथातील कथा. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला; तो छापून निघायला १९३७ साल उजाडले, आणि तोही तेल अवीवला. पण या सर्वांहून आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांची कीर्तने. १८८० च्या सुमारास या समाजातील शिकलेल्या मंडळींनी ठरवले की आपल्या कथा लोकांपर्यंत न्यायच्या तर हरिदासी कीर्तनाच्या पद्धतीने न्यायच्या. अब्राहामाचे चरित्र, मोशेचे चरित्र, योसेफाचे चरित्र ही साकी, दिंडी, अभंग, आर्या अशा आपल्या ओळखीच्या वृत्तांत रचली गेली, छापली गेली आणि टाळ-पेटीच्या साथीने गायली गेली. शेजारच्या देवळात नामदेव-तुकारामांच्या कथा ज्या चालीवर रंगत, त्याच चालीवर सिनाई पर्वतावरील दहा आज्ञा रंगू लागल्या.

यात कोणी कोणाचे अनुकरण केले, कोण बाटले, कोण पाखंडी झाले? कोणीच नाही. त्यांनी मराठी भाषेवर आपला हक्क सांगितला, आणि मराठी भाषेने तो निमूटपणे मान्य केला. भाषा मोठी होते ती अशी. मराठी म्हणजे अमुक एका धर्माची भाषा, असे म्हणणाऱ्यांनी ही कीर्तने मराठी वाङ्मयाच्या इतिहासातून वगळली, आणि आपणही ती वगळू दिली. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना स्थान नाही.

मी या समाजाचे कौतुकच तेवढे सांगत राहिलो तर ते अर्धसत्य होईल. त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. काळ्यांशी रोटीबेटीचा व्यवहार गोरे करीत नसत. जातीची कीड कोकणच्या हवेतच होती, ती त्यांच्या घरातही शिरली. पुढे १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुसंख्य इस्रायलला गेले. तेथे १९६० नंतर धर्मपीठाने त्यांच्या विवाहांच्या बाबतीत त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका घेतली. ज्यांनी ग्रंथाशिवाय शनिवार पाळला, त्यांच्याकडे वंशावळीचे पुरावे मागण्यात आले. त्यांनी उपोषणे केली, सत्याग्रह केला. सत्याग्रह हा शब्द त्यांनी कोठून नेला ते सांगायला नको. अखेर १९६४ साली त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथे चालवले. आणि ती कीर्तनाची पदे आज मुख्यतः स्त्रियांनी जपली आहेत, मुंबईतही आणि तिकडेही. आपल्या महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली ती २०१६ साली. तोवर त्यांच्या बहुतेक आळ्या रिकाम्या झाल्या होत्या.

दुसरे उदाहरण रेवदंड्याच्या खाडीपलीकडचे. कोर्लईच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या घरात आजही पोर्तुगीज-मराठी मिश्रणाची एक बोली बोलली जाते. तिचे नाव 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा'. पोर्तुगीज १७४० साली येथून गेले, बोली राहिली. याच पोर्तुगीजांच्या राज्यात, गोव्यात, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापले. सुमारे ११ हजार ओव्या, आणि त्या मराठीत. परदेशी पाद्र्याला ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठी पुराणाचा आकृतिबंध आणि ओवी हे छंद निवडावेसे वाटले, कारण नव्याने बाटलेल्या लोकांचे कान ओवीला सरावलेले होते. त्यापूर्वी आणि त्यानंतर त्याच राज्यात धर्मन्यायपीठाने काय अत्याचार केले, हेही विसरायचे नाही. १६८४ साली व्हाइसरॉयने लोकभाषेवरच बंदीचे फर्मान काढले. म्हणजे एकाच सत्तेच्या सावलीत एक जण लोकभाषेत ग्रंथ रचतो आणि दुसरा ती भाषा मारू पाहतो. क्रिस्तपुराण मात्र कानडा मुलुखात पांगलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हातांनी नकलून जगवले, आणि १९०७ साली ते मंगळुरास पुन्हा छापले गेले. ज्यांची घरची बोली कोंकणी होती, त्यांनी मराठी ग्रंथ जपला. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला, तोही मराठीतच. वारकरी त्यांना आपला संत मानतात. मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी यांचे धर्मवाङ्मय ज्या भाषेत आहे ती भाषा आपली आहे, हा आपला अभिमान असावयास हवा. प्रत्यक्षात आपण त्याविषयी अज्ञानी आहोत.

आता दुसऱ्या बाजूचा विचार करू. कोणी म्हणेल, 'सर्व धर्मग्रंथ वाचा, सर्वांत चांगलेच सांगितले आहे' एवढाच तुमचा उपदेश असेल, तर महाडला बाबासाहेबांनी काय केले ते सांगा. प्रश्न रास्त आहे, आणि महाड याच जिल्ह्यात आहे, म्हणून त्याला बगल देता येणार नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. तळे सार्वजनिक होते. ते सर्वांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेनेच केला होता. तरीही मारहाण झाली. ती कोणत्या निमित्ताने झाली? अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत, अशी अफवा उठवण्यात आली. मिटलेल्या ग्रंथाइतकीच अफवाही उपयोगी पडते. नंतर पंचगव्याने तळे 'शुद्ध' करण्यात आले. डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची, तर तिला जागा मिळेना. ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. २५ डिसेंबर १९२७ रोजी त्या जागेवर मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्या ठरावाचे सूचक होते गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, जन्माने ब्राह्मण. चवदार तळ्याचा कोर्टातील निकाल उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडावे लागले.

बाबासाहेबांनी तो ग्रंथ जाळला तो न वाचता जाळला काय? या देशात मनुस्मृती त्यांच्याइतकी बारकाईने वाचणारे किती निघतील? त्यांनी आयुष्यभर धर्मग्रंथ वाचले, त्यांवर टीका लिहिली, आणि शेवटी स्वतः एक ग्रंथ लिहिला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे एका हाताने त्यांनी माणसाला पशूहून हीन ठरवणारा ग्रंथ अग्नीला दिला, आणि दुसऱ्या हाताने माणसाला ताठ उभा करणारा ग्रंथ लोकांच्या हाती ठेवला. ग्रंथ नाकारण्याचा अधिकार त्याला असतो, ज्याने तो वाचलेला असतो. महाडचा धडा हा आहे.

याच जिल्ह्याने दुसरी एक पद्धतही दिली. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातील गागोद्याचा, ११ सप्टेंबर १८९५ चा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ऐकणारे कोण, तर स्वातंत्र्यलढ्यातले कैदी. तेवढ्यावर विनोबा थांबले नाहीत. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले, आणि १९६२ साली 'कुराणसार' सिद्ध केले. धम्मपदाची नवी मांडणी केली, ख्रिस्ती धर्माचे सार काढले, जपुजीवर लिहिले. त्यांच्याच प्रेरणेने महावीर निर्वाणाच्या २५०० व्या वर्षानिमित्त जैनांच्या सर्व पंथांना मान्य असा 'समणसुत्तं' तयार झाला. साने गुरुजींनी 'भारतीय संस्कृती' लिहिली, तशीच 'इस्लामी संस्कृती'ही लिहिली. आणि १९४७ साली पंढरीचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनीच प्राण पणाला लावले. 'इस्लामी संस्कृती' लिहिणारा आणि विठोबाच्या दारात उपोषणाला बसणारा माणूस एकच होता. त्यांत त्याला विसंगती वाटली नाही, कारण ती नव्हतीच.

विनोबांच्या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. सार काढणारा गोड तेवढे वेचतो. जे कडू आहे, ज्याच्या आधाराने स्त्रीला कोंडले गेले, शूद्राला तुडवले गेले, काफिराला मारले गेले, ते सारात येत नाही. पण समाजात ते जिवंत राहते. आंबेडकरांची पद्धत कडूशी सामना करते. कोकणचेच हमीद दलवाई. त्यांनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले आणि आपल्या समाजाला याच कठोरपणे प्रश्न विचारले. शेजाऱ्याचा ग्रंथ विनोबांच्या प्रेमाने वाचावा आणि स्वतःचा ग्रंथ आंबेडकरांच्या परखडपणाने तपासावा. आज आपल्याकडे नेमके उलटे चालले आहे. आपला ग्रंथ लोक पूजेसाठी ठेवतात आणि शेजाऱ्याचा झडतीसाठी उघडतात.

आता सुरुवातीच्या आक्षेपाकडे येतो. भाकरीचा प्रश्न असताना ग्रंथ कशाला? साथींनो, येथून जवळच चरी आहे. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या विरुद्ध शेतकऱ्यांनी संप चालवला. नारायण नागू पाटलांनी त्याचे नेतृत्व केले. त्या लढ्याच्या मागे कोण उभे राहिले? बाबासाहेब. १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनीच मुंबई विधिमंडळात मांडले. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी महाडला मनुस्मृती जाळली, तेच खोती मोडायला उभे राहिले. त्यांच्या दृष्टीने ग्रंथाचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न हे दोन नव्हते. खोताचा हक्क कागदावर जितका होता, तितकाच तो लोकांच्या मनात होता. आणि मनातला हक्क ग्रंथाच्या आधाराने उभा होता.

आजही तेच आहे. २००८ साली पेण तालुक्यातील २२ गावांतील शेतकऱ्यांनी सेझविरुद्ध कौल दिला, तेव्हा मतपत्रिकेवर जात-धर्म छापलेला नव्हता. अशी एकजूट मोडण्याचे सर्वांत स्वस्त साधन कोणते? एखाद्या पोथीचा विटाळ, एखाद्या मिरवणुकीची वाट, एखादी अफवा. एकजूट मोडल्यावर जमीन आपोआप जाते. जो शेतकरी शेजारच्या मोहल्ल्यातील माणसाचा रोजा काय आहे, कोर्लईच्या देवळातली आई कोण आहे, बौद्धवाडीत वंदना कसली होते हे जाणतो, त्याला भडकवणे कठीण असते. म्हणून हे वाचन संघटनेचेच काम आहे.

शेवटी काय करायचे ते सांगतो. नुसत्या विचाराने अभ्यासवर्ग संपू नये. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी राहिली. आपल्या बहुतेक मोठ्या गावांत वाचनालय आहे. त्याच्या कार्यकारिणीत आपली माणसेही आहेत. तेथे एक फळी या ग्रंथांसाठी राखून ठेवावी: गीताप्रवचने, कुराणसार, मराठी बायबल, धम्म, योगसंग्राम, क्रिस्तपुराण, साने गुरुजींची दोन्ही पुस्तके. महिन्यातून एकदा संध्याकाळी एका ग्रंथातील एक कथा मोठ्याने वाचावी. वाचणारा शक्यतो त्या धर्माचा असावा. प्रश्न मात्र कोणीही विचारावा, आणि प्रश्नाला रागावू नये एवढाच नियम ठेवावा. स्त्रियांना मागच्या रांगेत बसवू नये. बेने इस्रायलांची पदे ज्यांनी जपली त्या स्त्रियाच आहेत, हे लक्षात ठेवावे.

दुसरे काम अधिक निकडीचे आहे. गेल्या शतकातील आणि त्याआधीच्या त्या कीर्तनपुस्तिका, प्रार्थनेची भाषांतरे, गावोगावच्या वह्या आज दुर्मिळ झाल्या आहेत. जुनी घरे विकली जात आहेत, त्यांच्या जागी मुंबईकरांचे बंगले उठत आहेत, आणि घर पाडताना माळ्यावरचे कागद रद्दीत जातात. कोणत्याही धर्माच्या घरातला असा कागद दिसला तर तो रद्दीत जाऊ देऊ नका. मालकाला विचारा, जपून ठेवा, वाचनालयात आणा, त्याची छायाप्रत काढा. तो यहुद्याचा, ख्रिस्त्याचा किंवा मुसलमानाचा म्हणून जपायचा नाही. तो मराठीत लिहिलेला आहे, या किनाऱ्यावरच्या माणसाने लिहिलेला आहे, म्हणून तो तुमचा-आमचा आहे.

सर्व धर्म खरे आहेत की सर्व खोटे आहेत, याचा निवाडा ज्याने त्याने आपल्या विवेकाने करावा. त्यासाठी मी आज आलो नाही. मी एवढेच सांगायला आलो की शेजाऱ्याला आपण त्याच्या तोंडून ओळखावे, त्याच्या शत्रूच्या तोंडून नव्हे. शेजाऱ्याचे तोंड म्हणजे त्याची कथा, त्याचे गाणे, त्याचा ग्रंथ. तो आपल्याच भाषेत उपलब्ध असताना आपण तो उघडत नसू, तर त्याचा दोष दुसऱ्या कोणावर टाकता येणार नाही. पुढच्या महिन्यात आपण पुन्हा भेटू, तेव्हा किती गावांत ती फळी उभी राहिली, हे मी प्रत्येकाला विचारणार आहे.